सा जागेवरच राहतो

मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. यूट्यूबवर कीबोर्ड शिकायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत हे सांगतात. सुरुवातीला तेवढं पुरतंही. पण दिवसभर आपल्या मनात जे चाललेलं असतं, त्यातलं बरंचसं या दोन डब्यांत बसत नाही.

गेल्या वर्षी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. आईने त्यांच्या फोटोंचा व्हिडिओ करायचं ठरवलं आणि म्हणाली, "दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना, मग म्युझिक तूच कर." नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच करुण बासरीच्या लिंका यायला लागल्या. मला ती बासरी नको होती. जवळजवळ प्रत्येक फोटोत बाबा हसताहेत. त्या हसण्याखाली रडका सूर लावणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. आणि नुसतं आनंदी काही लावलं, तर ते गेलेच नाहीत असं भासवल्यासारखं. मला दोन्ही एकाच वेळी हवं होतं.

ते क्रोमॅटिक मीडियंटमध्ये मिळालं. नाव जड आहे, गोष्ट सोपी. दोन कॉर्ड्स घ्यायच्या, दोन्ही मेजर किंवा दोन्ही मायनर. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर त्यांचे मूळ स्वर तीन किंवा चार पट्ट्या लांब असतात. आणि दोघींत एक स्वर सामाईक असतो.

पेटीवर किंवा फोनवरच्या पियानो अ‍ॅपवर करून बघा. पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबा: सा, ग, प. ही सी मेजर. आता सा तसाच धरून ठेवा. ग अर्धा सूर खाली, काळी दोनवर आणा. प अर्धा सूर वर, काळी चारवर न्या. झाली ए फ्लॅट मेजर. दोन्ही कॉर्ड्स मेजरच, म्हणजे 'आनंदी'. तरी खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटतं.

पहिल्या कॉर्डमध्ये सा पाया होता. दुसरीचा पाया कोमल धैवत, आणि तिथून मोजलं तर तोच सा गंधार झालेला असतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला याचं नवल वाटतं. आपल्याकडे मूर्च्छनेत स्वर तेच ठेवून सा सरकवतात. भूपाच्या गंधाराला सा मानलं की त्याच पाच स्वरांचा मालकंस होतो. इथे एक स्वर जागेवर राहतो आणि त्याच्या भोवतीचे सरकतात.

शूबर्टने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 1828 मध्ये, सी मेजरमधलं स्ट्रिंग क्विंटेट लिहिलं. त्याच्या पहिल्या भागातली दुसरी धून ई फ्लॅट मेजरमध्ये येते आणि दोन चेलो ती वाजवतात. सी आणि ई फ्लॅटमधला सामाईक स्वर जी, म्हणजे आपला पंचम. हीच युक्ती दोन मायनर कॉर्ड्सवर केली की धाक तयार होतो. 1980 च्या स्टार वॉर्स चित्रपटात डार्थ व्हेडरसाठी जॉन विल्यम्सने लिहिलेलं 'इम्पीरियल मार्च' ऐका. सुरुवातीलाच जी मायनरवरून ई फ्लॅट मायनर.

आमच्या व्हिडिओत एक फोटो आहे. बाबा स्कूटरवर, पुढे शाळेच्या गणवेशात उभा मी. तो आला की मी सी मेजरवरून ए फ्लॅट मेजरवर गेलो. सा न सोडता. फोटो तोच, हसणं तेच, आणि ते हसणं ज्या घरात होतं ते घर मात्र आता वेगळं.

व्हिडिओ बघून झाल्यावर आईने विचारलं, "त्या स्कूटरच्या फोटोला काय केलंस रे?"

"का? फार दुःखी वाटतंय का?"

"छे. एकदम लांबून बघतेय असं वाटलं." मग तिने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

हा रंग जपून वापरावा लागतो. दर चार मात्रांनी लावला तर कानाला सवय होते आणि कुठल्याही सिनेमाचा ट्रेलर चालू असल्यासारखं वाटायला लागतं. साडेपाच मिनिटांत मी तो एकदाच वापरला. बाकी सगळं साधं सी, एफ, जी. बाबा पेटीवर जी गाणी वाजवायचे, त्यांना पुरेल एवढंच.