उघड्या गाडीतले गाणे

गाणे ऐकायला कान लागतात आणि सवड लागते, एवढे आम्हांस ठाऊक होते. डोक्यावर छप्परही लागते, हे मात्र वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही पदरचे पैसे घालवून कळले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. कारण मिळकत बेताची आणि हौस मात्र बेताबाहेरची, असा गृहस्थ इंदुरात आम्ही एकटेच असू असे नाही, आणि ग्वाल्हेर-बडोद्याकडेही आमचे भाऊबंद असतीलच.

आमच्या दारात उभी असलेली मारुती जिप्सी मूळची आमची नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंनी ती हौसेने जुनी विकत घेतली होती. २०२२ साली नोकरीनिमित्त ते पुण्यास गेले आणि गाडी आमच्या गळ्यात पडली. ही गाडी १९८५ साली निघाली, लष्करात आणि जंगलखात्यात तिने नाव काढले, आणि आता तिचे उत्पादनही थांबले आहे. आमच्या गाडीला दोन दारे, पुढे दोन आसने, मागे समोरासमोर दोन बाके आणि वर लोखंडी कांबींवर ताणलेले कापडी छप्पर. बंद सोडून कापड गुंडाळले की गाडी आभाळाला मोकळी. चारही चाकांवर बैलगाडीच्या गोत्रातले शोभावेत असे कमानपाटे. आमच्या सौभाग्यवती तिला ‘टांगा’ म्हणतात, आणि ते नाव तिला शोभते.

ही गाडी आम्ही विकली नाही, याचे कारण आमचे वडील. नानांना आता चौऱ्याऐंशी वर्षे झाली. बंद मोटारीत बसले की त्यांना मळमळते. पण या टांग्यात ते खुशीत असतात. पायाखाली लाकडी चौरंग देऊन त्यांना वर चढवावे लागते, एवढेच. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांना घेऊन देवासच्या रस्त्याने जातो. तो रस्ता त्यांचा जुना सोबती आहे. १९४८ साली आजारपणामुळे देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व पुढे तिथलेच झाले. आणि नाना व आमची आई सत्तरीच्या दशकात त्यांचे गाणे असले की एस.टी.च्या फळीवर बसून जात. आईचा गळा चांगला होता. ती कुठे शिकली नाही, पण ऐकलेले विसरली नाही.

१९८४ सालच्या रामनवमीला नानांनी आईची पाच भजने घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. साठ मिनिटांची ती एक कॅसेट. २०११ साली आई गेली. त्यानंतर नानांनी ती कॅसेट कपाटात, धोतरांच्या घडीखाली ठेवून दिली. गेल्या श्रावणात त्यांनी ती आपण होऊन बाहेर काढली आणि म्हणाले, “हे गाडीत लागेल का रे? देवासच्या वाटेवर ऐकीन म्हणतो. अजून थोडं ऐकू येतंय तोवर.”

शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. आम्हांस ते सहज पचले नाही.

कॅसेटचे काम तुलनेने सोपे निघाले. फितीला बुरशी नव्हती; मात्र फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची बारीक गादी गळून पडली होती. दुसऱ्या जुन्या कॅसेटमधील गादी काढून तिथे चिकटविली, टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसले, आणि पुतण्याने तो आवाज संगणकावर घेऊन पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. खरी अडचण गाडीची होती. तिच्यात एक म्हातारा कॅसेट प्लेअर आणि दारांत दोन स्पीकर होते. गाडी उभी असली की ते बोलत. ती चालू लागली की नुसते ओठ हलविणाऱ्या माणसासारखे वाटत.

गच्चीच्या डागडुजीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून बारा हजार रुपये सौभाग्यवतींनी आमच्या हाती ठेवले. “यापेक्षा एक पैही जास्त नाही,” असे बजावून सांगितले. आम्ही बाजारात गेलो आणि ज्याची खात्री होती तेच केले: चूक केली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार वॅट छापलेली, मागच्या बाकाखाली बसणारी सबवूफरची एक पेटी साडेपाच हजारांना घेतली. दुकानदार म्हणाला, “इसके बाद आपको कुछ नहीं चाहिए, साहब.” त्याचे शब्द अक्षरशः खरे ठरले. पुढच्या रविवारी ती पेटी वाजू लागताच नानांनी कानावर हात ठेवून म्हटले, “गाणं कुठंय? हा तर नुसता ढोल आहे.”

या संकटात आमच्या मदतीला धावून आला तो आमचाच एक जुना विद्यार्थी. मॅट्रिकला हा मुलगा विज्ञानात दोनदा नापास झाला होता, आणि वर्गात त्याला उद्देशून आम्ही सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य म्हणजे ‘आवाज कमी!’ आज तो एका गल्लीत मोटारींच्या वायरिंगचे छोटे दुकान चालवितो. त्याने पेटी पाहिली, आम्हांस स्टुलावर बसविले आणि धडा सुरू केला. त्याचे बोलणे हिंदीतले. आम्ही ते मराठीत देत आहो.

“सर, बंद मोटार ही लहानशी खोली असते. खर्जाचा आवाज तिथे कोंडतो आणि फुगतो. तुमच्या गाडीला भिंती नाहीत नि छप्पर नाही. खर्ज सगळा आभाळात जातो. जो उरतो तो वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या घरघरीत बुडतो, कारण तीही खालच्याच पट्टीतली. त्याच्या मागे धावण्यात पैसे बुडवू नका. तुम्हांला ढोल ऐकायचाय की माणसाचा गळा?”

“गळा,” आम्ही म्हणालो.

“मग वॅट विसरा. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा असतो, तोही दुकानात शोभण्यासाठी. सतत किती वॅट देता येतात, ते आत बारीक अक्षरांत असतं. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज चढतो तीनच डेसिबल. कानाला तो दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. उलट मोकळ्या जागेत स्पीकर निम्म्या अंतरावर आणला, तर फुकटात सहा डेसिबल मिळतात. म्हणजे वॅट चौपट केल्यासारखं. सर, आवाज वाढवू नका. अंतर कमी करा.”

ज्याला आम्ही नापास केले होते त्याच्यापुढे त्या दिवशी आम्ही मान हलवीत बसलो होतो, हे नमूद करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

दुकानदाराने पेटी परत घेतली ती चार हजारांना. दीड हजार रुपये शिक्षणखाती जमा झाले. उरले साडेदहा हजार. त्यांचा हिशेब असा. पेनड्राइव्ह लागणारा, पुढचा भाग काढून खिशात घालता येणारा प्लेअर २९०० रुपये. कापडी छपराच्या गाडीला कुलपाचा उपयोग नसतो, म्हणून हा खिशात जाणारा भाग महत्त्वाचा. दारांसाठी साडेसहा इंची स्पीकरची जोडी २२००. त्यांचे पडदे कागदाचे नकोत, प्लॅस्टिकचे हवेत, असा त्याचा आग्रह. अवचित सर आली तर कागद फुगतो. डोक्यामागे बसविण्यासाठी चार इंची लहान जोडी १६००. जुना पण धड अवस्थेतला, चार वाटांचा अॅम्प्लिफायर २३००. वायर, फ्यूज, प्लायवूड आणि फोम ९००. मजुरी तो घेईना. ६०० रुपये आम्ही त्याच्या मुलाच्या हाती दिले. एकूण साडेदहा हजार. सौभाग्यवतींची मर्यादा पैशानेही ओलांडली नाही.

दोन दिवस आम्ही त्याच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढच्या आसनांच्या मागे आधीच्या मालकाने एक लोखंडी कमान बसवून घेतली होती. तिच्यावर प्लायवूडच्या दोन लहान डब्या बसवून चार इंची स्पीकर त्यांत घातले आणि त्यांची तोंडे कानांकडे वळविली. दारातला स्पीकर नानांच्या कानापासून तीन फुटांवर होता. हा दीड फुटावर आला. दारांच्या पत्र्याआड फोम लावला, कारण पत्रा थरथरला की तोही आपले वेगळे गाणे म्हणतो. बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज घातला. वायर कुठे घासून उघडी पडली तर आग लागायच्या आत तो जळावा म्हणून. अॅम्प्लिफायरमधून शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाकला. बाईमाणसाचा गळा त्याच्या वरच राहतो, आणि लहान स्पीकरांना न झेपणारे ओझे उतरते. प्रथम इंजिनाबरोबर चढणारी एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली. सगळ्या अर्थिंगच्या तारा रंग खरवडलेल्या एकाच जागी जोडल्यावर ती गेली.

शेवटी राहिले नानांचे कान. आम्ही मराठीचे विद्यार्थी. स्वर आणि व्यंजने हा भेद जन्मभर शिकवीत आलो. पण म्हातारपणी कान आधी व्यंजने सोडतो, हे आम्ही कोणत्याही व्याकरणात वाचले नव्हते. वयोमानाने श्रवणशक्ती कमी होते ती बहुधा वरच्या, बारीक पट्टीपासून. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते, म्हणून ‘आ’ आणि ‘ओ’ पोचतात. स, त, क यांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. म्हणून नाना म्हणतात, “ऐकू येतंय रे, कळत नाही.” अशा वेळी आवाज नुसता मोठा केला तर स्वर अंगावर येतात आणि व्यंजने होती तिथेच राहतात. नानांजवळ श्रवणयंत्र आहे. पण उघड्या गाडीत त्याच्यात वारा शिरून घोंघावतो, म्हणून ते काढून ठेवावे लागते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने प्लेअरमध्ये खालची पट्टी किंचित उतरविली, व्यंजनांची पट्टी थोडी चढविली, आणि बजावले, “यापुढे आवाज वाढवायचा नाही. मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. कमी वाटलं तर गाडी हळू चालवा. वाऱ्याचा आवाज वेगापेक्षा फार झपाट्याने चढतो.”

कार्तिकातल्या एका रविवारी नानांना चौरंगावरून वर चढविले. कानटोपी घालू दिली नाही, म्हणून ते थोडे रुसले; मग गळ्याभोवती मफलर दिला. छप्पर मागे गुंडाळलेले, ऊन कोवळे. देवासच्या रस्त्यावर डावीकडची कड धरून ताशी चाळीसच्या वेगाने आम्ही चाललो होतो. मागून येणारे सगळे जग आम्हांस ओलांडून जात होते. आम्ही कळ दाबली.

आधी फितीची खरखर आली. मग दूर कुठे कुकरची शिटी झाली, आणि चौदा वर्षांच्या एका पोराचा फुटलेला आवाज आला, “नाना, चालू झालं का?” तो आवाज आमचा होता. आणि मग आई गाऊ लागली.

आमचे लक्ष रस्त्यावर असणे आवश्यक होते, आणि ते तिथे ठेवण्यास फार कष्ट पडले. नाना काही बोलले नाहीत. पहिले भजन संपले, दुसरे सुरू झाले. त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. तिसऱ्या भजनाच्या मध्यावर त्यांनी एकाएकी हात थांबविला आणि आमच्याकडे वळून म्हणाले,

“इथं ती शब्द चुकली. मी तेव्हाच सांगितलं होतं, पण माझं ऐकलं कधी तिनं?”

आम्ही तो भाग पुन्हा लावला. खरोखरच एक अक्षर चुकले होते. इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या कानांनी चालत्या, उघड्या गाडीत एक व्यंजन टिपले होते. नाना हसत होते, आणि मफलराच्या टोकाने डोळे पुसत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येते, असे ते म्हणाले. आम्ही “हो” म्हणालो.

गाडी घरी आणून लावली, तेव्हा दुसरीच एक गोष्ट आमच्या मनाला टोचू लागली. गेली चार-पाच वर्षे आम्ही घरात नानांशी स्वयंपाकघराच्या दारातून, जिन्यावरून, वर्तमानपत्राआडून मोठ्याने बोलत आलो होतो. त्यांना कळले नाही की आणखी मोठ्याने, तरीही कळले नाही की “जाऊ द्या.” घराला भिंती आहेत, छप्पर आहे, आणि तरीही आम्ही वॅटच वाढवीत राहिलो होतो. आता खुर्ची ओढून त्यांच्यासमोर दोन हातांवर बसतो आणि नेहमीच्या आवाजात बोलतो. दहांतल्या आठ गोष्टी त्यांना कळतात. उरलेल्या दोन त्यांना कळवून घ्यायच्या नसतात, असा आमचा संशय आहे.

गच्चीचे काम पुढच्या वर्षावर गेले आहे. येत्या पावसाळ्यात जिन्यात दोन बादल्या ठेवाव्या लागणार. सौभाग्यवतींनी त्या आत्ताच घासून ठेवल्या आहेत, आणि रविवारी मागच्या बाकावर त्याही आमच्याबरोबर येतात.