चिपळूण न पाहिलेल्या मॅडम

चिपळूणात २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल कुणाला काही सांगायची सोय नाही. तुम्ही ‘आमच्या दुकानात...’ म्हणायचा अवकाश, समोरचा त्याच्या दुकानाचं सुरू करतो आणि त्याचं नुकसान हमखास तुमच्याहून मोठं निघतं. कुणाची औषधं गेली, कुणाची गाडी, कुणाच्या घरातलं माणूसच गेलं. तिथे आमच्या वह्या-पुस्तकांचं काय घेऊन बसायचं?

बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान, वर घर. कोरोनामुळे शाळा बंद, त्यामुळे वह्यांचा सगळा माल पडून होता. पाणी ओसरल्यावर त्या वह्या फुगून रॅकमध्ये अशा आवळून बसल्या की पहारीने उपटाव्या लागल्या. चिखल उपसला, पंचनामा झाला, गणपतीपर्यंत दुकान उभंही केलं. ‘काकी खंबीर आहेत हो,’ असं सगळे म्हणत होते.

त्रास सुरू झाला तो पुढच्या वर्षी, मृगाच्या पहिल्या सरीला. पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधड, हाताला घाम. रात्री उठायचं, टॉर्च घेऊन जिन्यावर जायचं, पायऱ्या कोरड्या आहेत ना बघायचं, परत येऊन पडायचं, परत उठायचं. ईसीजी झाला, तो चोख. आमचे डॉक्टर म्हणाले, ‘हृदय ठणठणीत आहे, आता मनाचं कुणाला तरी दाखवा.’ ह्यांना ते काही रुचलं नाही. पुण्याहून लेकीनेच एका मॅडमना गाठलं. त्या गोळ्या देणाऱ्या नव्हेत, बोलणाऱ्या. गोळ्यांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, हे त्यांनी आधीच सांगितलं. आठवड्यातून एकदा, मोबाइलवर, पाऊण-एक तास. दुकानाच्या पोटमाळ्यावर बसायचं, कारण रेंज तिथेच येते.

मला वाटलं होतं, आता धीर देतील, श्वास मोजायला लावतील. श्वासाचं झालं थोडंसं. पण पहिला प्रश्न होता, ‘मी चिपळूण पाहिलेलं नाही. तुमचं दुकान रस्त्यापासून किती उंचावर आहे?’

एवढं कुणी विचारलंच नव्हतं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक, बाहेरच्यांनी टीव्हीवर बघितलेलं. ह्या बाईंना मात्र दुकानाची पायरी, शटर, मागचा जिना, वाशिष्ठी कुठल्या बाजूला, शिवनदी कुठल्या, सगळं समजावून सांगावं लागलं. माझी तर चिडचिडच झाली. पैसे मी मोजायचे आणि माहितीही मीच द्यायची! पण सांगायला बसल्यावर पहिल्यांदाच ती रात्र ओळीने लागायला लागली. आधी वीज गेली, मग शटर वाजलं, मग डिझेलचा वास, मग जिन्यावर पाणी. तोवर माझ्या डोक्यात हे सगळं एकदमच व्हायचं.

पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगायचं. त्याच्या पुढच्या वेळीही. डोळे मिटून आणि वर्तमानकाळात: ‘पाणी चढतंय, मी टॉर्च धरलाय.’ भीती शंभरपैकी किती, तेही मधेमधे सांगायचं. नव्वद, पंच्याण्णव. आणि दर वेळी मी एकाच जागी थांबायचे. वरच्या चार पायऱ्या उरल्यात, सासूबाई देवघरातले देव पिशवीत भरतायत. बस्स.

एके दिवशी मॅडमनी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? एवढंच.’

‘पाणी त्या पायरीवर अजून आहे?’

मी गप्पच झाले. पाणी त्याच्या वर चढलंच नव्हतं. बराच वेळ तिथेच थबकून नंतर उतरलं होतं. सासूबाईंनी देव परत मांडले होते, मी स्टोव्हवर चहा केला होता, त्याला रॉकेलचा वास येत होता म्हणून हे कुरकुरलेही होते. हे सगळं मला आठवत होतं, पण सांगताना मी त्याच्याआधीच थांबत होते. त्या दिवसापासून मॅडम मला चहापर्यंत नेऊनच सोडायच्या. आकडा हळूहळू खाली आला. एकदम नाही, मधे एका आठवड्यात पुन्हा नव्वदवर गेला होता.

मग गृहपाठ. पावसाचा आवाज मोबाइलवर लावून बसायचं, आधी बारीक, मग मोठा. रात्री जिन्यावर जायचं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. पायऱ्या बघून आल्यावर जे बरं वाटतं, त्यानेच भीती पोसली जाते, हे पटायला मला वेळ लागला.

माझ्या एका हट्टावरही त्यांनी बोट ठेवलं. मी सारखी म्हणायचे, ‘पुन्हा पाणी येताच कामा नये.’ अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत हा ‘कामा नये’च पकडते. पाणी येऊ नये असं वाटणं साहजिक आहे, पण येताच कामा नये हा नदीला सोडलेला हुकूम झाला. २००५ साली आलं, २०२१ साली आलं. वाशिष्ठी कुणाचं ऐकत नाही. गाळ काढण्यासाठी लोक उपोषणाला बसले, ते मला अगदी योग्य वाटतं. पण रोज रात्री जागून मी काय रोखणार होते?

आता रेड अलर्ट आला की खालच्या दोन रॅकमधला माल मी पोटमाळ्यावर चढवते. ती भीती नव्हे, धंद्याची अक्कल. साध्या सरीला दुकान उघडं असतं.

फीचं म्हणाल तर ती दर महिन्याला जाणवायची, खोटं का बोला. ज्यांना नाहीच परवडत त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर. फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. दुकानात मी तो नंबर काउंटरच्या काचेखाली लावलाय. वह्या घ्यायला आलेल्या बायका त्याच्यावर बोट ठेवून विचारतात, ‘काकी, हे कशाचं?’ मी सांगते.

हे अजून म्हणतात, ‘नुसतं बोलायचे पैसे?’ परवाच्या पावसात रात्री दोन वाजता गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याची पातळी बघत बसले होते. मी कूस बदलून झोपले. सकाळी मात्र मॅडमचा नंबर त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिला. दोन निळ्या खुणा आल्यात.