पेरलेला पैसा

पैशाविषयी मास्तराने बोलू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. त्यातून तो मास्तर कादंबऱ्या लिहिणारा असेल, तर मग विचारूच नका! तरीही लक्ष्मीपूजनाच्या रात्री हात जोडताना मला दरवर्षी वाटते, की ‘माझ्या घरात राहा’ म्हणण्याऐवजी ‘आमच्या गावात राहा’ म्हणून त्या चंचल देवतेला विनवावे.

कारण दर जून महिन्यात माझी दहावी पास झालेली मुले एस.टी.त बसून जातात, ती गणपती-दिवाळीला परततात पाहुण्यांसारखी. आता गावच्या माळावर कोणी कारखाना काढणार अशी कुणकुण आहे आणि पारावर दोन तट पडले आहेत.

मला अशा वेळी कुंडलचा माळ आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातली ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. राजांनी ते पैसे दान म्हणून दिले नाहीत, हे मला मोठे मोलाचे वाटते. दानाने आजची चूल पेटते. भांडवलाला उद्याची काळजी असते. आणि धीरही लागतो. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला म्हणे दोन वर्षे लागली!

पण दुसऱ्या तटाचे म्हणणेही खोटे नाही. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातल्या आणि घाटावरच्या किती घरांना मनीऑर्डरी पाठवल्या! १९८२ च्या जानेवारीत संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी मिटली, आणि तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. पैशाला सुतापेक्षा जमीन गोड लागली. त्या जमिनीवर घाम गाळणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही.

म्हणून पारावर मी एवढेच म्हटले : येणाऱ्याला आधी विचारा, की मुलांना काम शिकवणार का, पाणी किती घेणार, आणि किती वर्षे राहणार? लक्ष्मी पाहुणी म्हणून येत असेल, तर चहा देऊन निरोप द्यावा. सून म्हणून येत असेल, तर उंबरठ्यावरचे माप आम्ही आजच तांदळांनी भरून ठेवतो.