शेवटची बादली

वाचन : योहान 5:1-9 आणि योहान 13:1-15



जून सुरू झाला, की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या चर्चच्या आवारात एकच विषय असतो. कुणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला, फी किती, आणि होस्टेलचं काय. मी पॅरिशच्या कामात असते आणि माझी मुलगी गेल्या वर्षीच बेळगावहून बंगळुरूला शिकायला गेली. म्हणून बऱ्याच आया मला बाजूला घेऊन विचारतात, "अहो, खोली कुठली घ्यायची? बाथरूम अटॅच्ड पाहिजेच का?" गेले तीन रविवार मी तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देते आहे. आज सगळं एकदाच लिहून काढते. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी जवळजवळ तीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी होस्टेलचा फॉर्म आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. दोन पर्याय आमच्या आवाक्यात होते. एक, दोघींची खोली आणि आत बाथरूम. दुसरा, तिघींची खोली आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांसाठी बाथरूम. दोहोंत वर्षाला बेचाळीस हजारांचा फरक. शिक्षणासाठी कर्ज काढलं होतंच. लेकीने काही मागितलं नाही, पण तिचं बोट पहिल्या पर्यायावर थांबलेलं मला दिसलं. ती स्वभावाने लाजरी. घराबाहेर अंघोळीला जायचं, ओल्या केसांनी अनोळखी मुलींसमोरून यायचं, या विचारानेच ती कानकोंडी झाली होती.

मी लगेच आईपणाचा सूर लावला. "आम्ही अठराजणी तीन बाथरूममध्ये राहिलो. काही झालं नाही आम्हाला."

ती गप्प बसली. शेवटी तिनेच तिघींची खोली निवडली. आईवडिलांचे पैसे वाचावेत म्हणून निवडली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण रात्री झोपताना माझंच वाक्य मला टोचू लागलं. काही झालं नाही? झालं होतं.

मी 1994 साली नर्सिंग शिकायला घर सोडलं. होस्टेलच्या मागच्या अंगणात तांब्याचा मोठा बंब होता. एक मावशी पहाटे साडेचारला येऊन लाकडं घालायच्या आणि तो पेटवायच्या. नियम साधा होता : प्रत्येकीला गरम पाण्याची एकच बादली. रात्रपाळीहून येणाऱ्या मुलींचं पाणी शेवटपर्यंत बंबात राखून ठेवायचं. कुणाला कागदावर लिहून दाखवायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीतला रविवार होता. मला मिस्साला जायचं होतं आणि केस धुवायचे होते. माझी बादली केसांतच संपली. मावशी लाकडं आणायला गेल्या होत्या. मी बंबातून दुसरी बादली काढली. आणि काढली एवढंच नाही. पाणी कमी झालेलं कुणाला दिसू नये म्हणून वरून तेवढंच गार पाणी ओतलं.

त्या दिवशी रात्रपाळीहून चौघी यायच्या होत्या. तिघी वेळेवर आल्या, त्यांचं कसंबसं भागलं. चौथी माझ्याच खोलीतली, चंदगडकडची मुलगी. एका पेशंटचा त्रास वाढला म्हणून ती तासभर जास्त थांबली होती. तिच्या वाट्याला जे पाणी आलं, ते कोमटसुद्धा नव्हतं. रात्रभर उभी राहिलेली ती मुलगी थंडीत त्याच पाण्याने अंघोळ करून, दात वाजत पांघरुणात शिरली. बंब विझू दिला म्हणून वॉर्डनबाई मावशींना सगळ्यांसमोर बोलल्या. मावशी म्हणाल्या, "विझला नव्हता हो बाई." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते. धुतलेले केस टॉवेलात गुंडाळलेले होते. मी काही बोलले नाही आणि मिस्साला गेले.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याची गोष्ट आहे. पाच पडव्या, त्यांत पडून असलेले आजारी लोक, आणि अडतीस वर्षं दुखणं सोसणारा एक माणूस. बरं व्हायची इच्छा आहे का, असं प्रभू येशू त्याला विचारतात. तेव्हा तो आजाराचं गाऱ्हाणं सांगत नाही. तो रांगेचं गाऱ्हाणं सांगतो. पाण्यात सोडायला मला कुणी नाही, आणि मी जाईपर्यंत माझ्या आधी दुसराच कुणीतरी उतरतो, असं त्याचं म्हणणं.

हा उतारा मी किती वेळा ऐकला असेन! दर वेळी मी स्वतःला त्या आजारी माणसाच्या जागी ठेवत आले. आपल्यालाही कुणी नाही, आपलीही पाळी येत नाही, असं वाटण्याचे दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात येतातच. पण लेकीचा फॉर्म भरल्यानंतर हा उतारा वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. आधी उतरणारा. शुभवर्तमानात त्याचं नाव नाही, चेहरा नाही. तो काही दुष्टही नसेल. त्यालाही बरं व्हायचं होतं, त्याने मागे वळून पाहिलं नाही, एवढंच. त्या दिवशी बंबापाशी मी तो माणूस होते.

ऑगस्टमध्ये लेक होस्टेलला गेली. चौथ्याच दिवशी तिचा रडवेला फोन आला. "आई, इथे सकाळी सातला गेलं तरी पाणी गार. मोरीच्या जाळीत केस अडकलेले असतात. कुणीच काढत नाही. मला नाही राहायचं इथे."

तक्रार कर, असं मी सांगणार होते. पैसे भरू, खोली बदलून घेऊ, हेही ओठांवर आलं. मग काय झालं कोण जाणे, मी तिला बंबाची गोष्ट सांगितली. सगळी, वरून ओतलेल्या गार पाण्यासकट. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "आई, तू असं केलंस?" तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्या मावशीकडे माफी मागितलीस का?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने सहज सांगितलं, की आता अंघोळ झाल्यावर ती जाळीतले केस कागदाने काढून टाकते. आधी फक्त स्वतःचे काढायची, मग सगळेच काढू लागली. खोलीतल्या दोघी पहिल्यांदा हसल्या. आता त्यातली एक तेच करते, दुसरी अजून करत नाही. आणि गरम पाण्याचं कोडंही सुटलं : पाणी गच्चीवरच्या सोलरमधून येतं, नळीत रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी निघून जावं लागतं. ते वाया घालवायचं नाही, बादलीत धरून कपड्यांना वापरायचं, हे तिला वरच्या वर्गातल्या ताईने दाखवलं.

तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीची तयारी आमच्या पॅरिशमध्ये मी करते. तांब्या, परात, बारा टॉवेल आणि पाणी. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि या विधीसाठी स्त्रियांनाही बसवण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून आमच्या बाराजणांत आयाबायाही असतात. म्हाताऱ्या पायांना गार लागू नये म्हणून मी दर वर्षी पाणी कोमट करून ठेवते. दर वर्षी त्या पाण्यात हात घालून पाहताना मला तो बंब आठवतो, आणि दर वर्षी मी तो विचार झटकून टाकते. या वर्षी उपवासकाळात मी कन्फेशनला गेले आणि पहिल्यांदा ते बोलले. फादरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ती मैत्रीण आहे का अजून?"

आहे. गडहिंग्लजला असते. कधीतरी नाताळाला मेसेज होतो. त्याच संध्याकाळी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं की गं. तुझे केस ओले होते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली. मग राहून गेलं." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "माझं जाऊ दे. मावशींना बोलणी बसली, ते वाईट झालं. त्या नंतर किती दिवस पहाटे चारलाच येऊन बंबापाशी बसायच्या."

मावशी आता नाहीत. काही वर्षांपूर्वी गेल्या, हे मला तिच्याकडूनच समजलं. ती माफी आता इथे मागता येणार नाही. परमेश्वराने मला क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. तरी मावशींचं "विझला नव्हता हो बाई" हे वाक्य माझ्यापाशी राहणार, आणि ते राहावं असंच मला वाटतं.

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टी, आया म्हणून आणि एक नर्स म्हणून.

ज्या मुलीला आजारपण आहे, चालायला त्रास आहे किंवा मनाला खरोखर झेपणार नाही, तिच्यासाठी जमत असेल तर अटॅच्ड बाथरूम घ्या. त्यात कमीपणा नाही आणि कॉमन बाथरूम वापरण्यात पुण्यही नाही. मी लेकीला जो टोमणा मारला, तो तुम्ही मारू नका.

कॉमन बाथरूम असेल, तर खोली त्याला लागून घेऊ नका. रात्रभर दारं आपटतात, भिंतीला ओल येते. अगदी जिन्याजवळही नको. मधली, खिडकीची खोली बरी. सगळ्यांत वरचा मजला उन्हाळ्यात तापतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या होस्टेलमध्ये ठेवावं असं म्हटलेलं आहे. तशी सोय आहे का, हे फॉर्म भरण्याआधी विचारा.

सामानात स्वतःची बादली, मग, रबरी चपला आणि दोन टॉवेल द्या. टॉवेल कुणाला द्यायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही. पायाची बोटं कोरडी केली नाहीत तर बेचक्यांत चिखल्या होतात. साबण-शाम्पूला छिद्रांची टोपली घ्या, पाणी निथळतं.

आणि दोन गोष्टी पैशाने मिळत नाहीत, त्या घरूनच द्यायच्या. पहिली, बाथरूममधून बाहेर पडण्याआधी एकदा मागे वळून पाहायचं. आपल्यानंतर येणारीला ही जागा कशी दिसेल? दुसरी, बाथरूम साफ करणाऱ्या बाईंचं नाव पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यायचं. मी तीन वर्षं त्या होस्टेलमध्ये राहिले. मावशींचं नाव मला आजही माहीत नाही.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने टॉवेल कमरेला बांधला आणि परातीत पाणी ओतलं. शिष्यांनी एकमेकांसाठी काय करायचं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. आपली मुलं यंदा घर सोडून जिथे जातील, तिथेही पाणी आहे, टॉवेल आहे आणि मागून येणारं कुणीतरी आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, या महिन्यात घर सोडणाऱ्या आमच्या सर्व मुलामुलींना सांभाळ. त्यांना चांगले सोबती दे, आणि त्यांनाही चांगले सोबती कर. आम्ही ज्यांच्या आधी घाईने उतरलो, ज्यांच्या वाट्याचं घेतलं आणि ज्यांना आमच्यामुळे बोलणी बसली, त्यांची आम्हाला आठवण दे. ज्यांची माफी मागता येईल, त्यांच्याकडे जाण्याचं बळ दे. आणि जे तुझ्याकडे आले आहेत, त्यांना तुझ्या विसाव्यात ठेव. आमेन.