सायकल स्टँडचा हिशेब

हैदराबादला नोकरीसाठी आलो तेव्हा तेलुगू सिनेमाबद्दल मला जे काही माहीत होतं ते सगळं हिंदी डबिंगमधून आलेलं होतं. देगलूरला आमच्या घरी सुट्टीच्या दुपारी टीव्ही लावला की कुठल्या ना कुठल्या चॅनलवर महेश बाबू कुणाला तरी हवेत उडवत असायचा. हा कोणाचा मुलगा, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तेलंगणाची हद्द आमच्या गावाच्या इतकी जवळ, की बाजारात अर्धे लोक तेलुगू बोलतात. तरी मला ‘रा’ आणि ‘पो’, म्हणजे ये आणि जा, याच्या पुढे तेलुगू येत नव्हतं.

कोंडापूरला मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो ते अंकल मूळचे तेनालीचे. हो, तेनालीरामाचं तेनाली. वय साठीच्या पुढे, एका सरकारी बँकेतून निवृत्त. दर महिन्याला भाडं मी ऑनलाइन पाठवतो, आणि तरीही ते मला एक तारखेला खाली बोलावून फिल्टर कॉफी पाजतात. बोलणं आमचं हिंदीत, त्यात त्यांचं तेलुगू आणि माझं मराठवाडी मिसळलेलं. ते मला ‘बाबू’ म्हणतात.

१५ नोव्हेंबर २०२२ ला सकाळी मी ऑफिसला निघालो तर अंकल हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेले. आवाज बंद. समोरची कॉफी गार झालेली. आंटी दारात येऊन हळूच म्हणाल्या, “कृष्णा गारू गेले.” मला वाटलं कुणी नातेवाईक. मी काय बोलावं या विचारात उभा राहिलो. तेवढ्यात टीव्हीवर महेश बाबू दिसला आणि उलगडा झाला. घट्टमनेनी कृष्णा. सुपरस्टार कृष्णा, महेश बाबूचे वडील. पहाटे हैदराबादमध्येच गेले होते, वय ७९. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा मोठा मुलगा रमेश बाबू आणि सप्टेंबरमध्ये पत्नी इंदिरा देवी गेल्या होत्या.

मी ‘सॉरी अंकल’ म्हणालो आणि निघालो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दुसऱ्याच्या दुःखासाठी वेळ नव्हता. का ते पुढे सांगतो.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी अंकलनी मला खाली बोलावलं आणि कपाटातून एक जुनी शाळेची वही काढली. त्यांच्या वडिलांकडे तेनालीतल्या एका थिएटरच्या सायकल स्टँडचं कंत्राट होतं. शाळा सुटली की अंकल तिथे बसायचे, सायकलींना बिल्ले लावायचे आणि रात्री हिशेब लिहायचे. एका रकान्यात सिनेमाचं नाव, दुसऱ्यात खेळ, तिसऱ्यात किती सायकली. सगळं तेलुगूत, त्यामुळे मला फक्त आकडे कळत होते. अंकल बोट ठेवून नावं वाचून दाखवत होते.

“पेपरवाले काय वाटेल ते लिहितात,” ते म्हणाले. “सायकल खोटं बोलत नाही.”

कृष्णाचं गाव बुर्रिपालेम. ते तेनालीच्या अगदी जवळ, म्हणजे अंकलच्या दृष्टीने घरचाच माणूस. सुरुवातीला छोट्यामोठ्या भूमिका केल्या. मग १९६५ मध्ये आदुर्ती सुब्बाराव या दिग्दर्शकाने नवे चेहरे घेऊन ‘तेने मनसुलु’ काढला, त्यात कृष्णाला नायक केलं. सांगतात, की चित्रित झालेला भाग पाहून वितरकांना हा मुलगा आवडला नव्हता, त्याला बदला म्हणत होते. आदुर्ती हटले नाहीत. त्याच सिनेमात स्कूटरवरून गाडीचा पाठलाग करण्याचं एक दृश्य कृष्णाने केलं, ते निर्माता दूंडीच्या नजरेत भरलं आणि १९६६ मध्ये ‘गूढचारी ११६’ हा हेरपट मिळाला. तिथून तो आंध्रचा जेम्स बाँड झाला.

तेव्हा तेलुगू पडद्यावर एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव असे दोन डोंगर उभे होते. एकाच्या चेहऱ्यात लोकांना देव दिसायचा, दुसऱ्याच्या डोळ्यांत देवदास. कृष्णाकडे यातलं काय होतं? मी अंकलना तसं थेट विचारलं. चाहता चिडेल अशी माझी अपेक्षा. ते हसले. “नाच? नाही यायचा. हात एकीकडे, पाय एकीकडे. आवाजही काही भारी नाही. आम्हाला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.”

मग काय होतं? अंकलनी वहीची पानं उलटली. कृष्णा, कृष्णा, पुन्हा कृष्णा. एकट्या १९७२ मध्ये त्याचे १८ सिनेमे प्रदर्शित झाले. दिवसाला तीन शिफ्टमध्ये काम करायचा. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास सिनेमे. एवढे सिनेमे करणाऱ्याचे सगळे कसे चालणार? वहीत तसं स्पष्ट दिसतं. एका खेळाला दोनशेच्या वर सायकली आणि पुढच्या सिनेमाला तीस.

आता त्याच्या निर्मितीकडे येतो, कारण गोष्ट खरी तिथे आहे. भावांना बरोबर घेऊन त्याने ‘पद्मालया’ ही स्वतःची संस्था काढली. पहिला सिनेमा ‘अग्निपरीक्षा’, १९७०. चालला नाही. अशा वेळी माणूस दुसरा सिनेमा सांभाळून काढेल. याने १९७१ मध्ये ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ काढला. म्हणजे आपल्या भाषेत ठकास महाठक. तेलुगू माणसाच्या डोक्यावर काउबॉयची टोपी, कमरेला पिस्तूल, घोडा, खजिना. शूटिंगसाठी सगळं युनिट राजस्थानच्या वाळवंटात नेलं. इटालियन वेस्टर्न सिनेमांवरून उचललेली कल्पना. पण तेनालीच्या सायकलवाल्यांनी ते सिनेमे कुठे पाहिले होते? हा तुफान चालला. पुढे त्याचं इंग्रजीत डबिंगही झालं, ‘ट्रेझर हंट’ नावाने.

मग १९७४, कृष्णाचा शंभरावा सिनेमा, ‘अल्लूरी सीताराम राजू’. १९२२ ते २४ या काळात आदिवासींना घेऊन इंग्रजांशी लढलेल्या अल्लूरीची गोष्ट. रामारावांना स्वतःला ही भूमिका करायची होती. त्यांनी नको म्हटलेलं असतानाही कृष्णाने तो काढला आणि दोघांचे संबंध काही वर्षं बिघडले. तेलुगूतला पहिला सिनेमास्कोप. शूटिंग सुरू असताना दिग्दर्शक व्ही. रामचंद्रराव वारले. उरलेलं काम कृष्णाने सहकाऱ्यांच्या मदतीने पुरं केलं. या सिनेमातल्या गीतासाठी श्री श्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

“त्या दिवशी सायकली ठेवायला जागा नव्हती,” अंकल म्हणाले. “बाबांनी शेजारच्या लाकडाच्या वखारीत ठेवल्या. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नाही.”

मी म्हटलं, म्हणजे इथून पुढे सगळं चांगलंच. अंकलनी पान उलटलं आणि वही माझ्यासमोर सरकवली. मला वाचता येत नव्हतं, पण आकडे दिसत होते. चाळीस. पंचवीस. साठ. तीस. अल्लूरीनंतर सलग सिनेमे पडत गेले. त्याच वर्षी पत्नी विजया निर्मलाच्या दिग्दर्शनाखाली ‘देवदासु’ केला, तोही पडला. लोक म्हणायला लागले, अल्लूरीमध्ये एवढा मोठा दिसला की आता साध्या भूमिकेत कुणाला बघवत नाही. १९७६ च्या संक्रांतीला पद्मालयाचाच ‘पाडिपंटलु’ आला, म्हणजे दूधदुभतं आणि पीकपाणी. शेतकऱ्याची गोष्ट. तिथे वहीतला आकडा पुन्हा दोनशेच्या वर गेलेला दिसतो.

“मधली दीड-दोन वर्षं ते काय करत होते?” मी विचारलं.

“काय करणार? सकाळी मेकअप करून सेटवर जात होते.”

आणि मग अंकलनी ती गोष्ट सांगितली जी नंतर मला तेलुगू सिनेमाबद्दल बोलणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून ऐकायला मिळाली. कृष्णाचा सिनेमा पडला की तो निर्मात्याकडे उरलेल्या पैशांसाठी तगादा लावायचा नाही. उलट बोलावून पुढच्या सिनेमाच्या तारखा द्यायचा, मानधनाचं नंतर बघू म्हणायचा. निर्मात्यांचा हीरो अशी त्याची ख्याती होती. “सिनेमा पडला तर पोस्टरवर तोंड माझंच आहे ना, मग तोट्यात वाटा पण माझा,” असं ते कृष्णाच्या वतीने म्हणाले. हे शब्द अंकलचे, कृष्णाचे नव्हेत. पण ते ऐकून मी कॉफीचा कप खाली ठेवला.

आता माझं सांगतो.

आमच्या टीममध्ये मी लीड होतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक जुनी बिलिंग सिस्टीम नव्यावर हलवायची होती. वरंगलचा एक मुलगा, पहिलीच नोकरी, त्याने कोड लिहिला. तो तपासायचं काम माझं होतं. त्या आठवड्यात मी तीन ठिकाणी अडकलो होतो. मी तो न वाचता मंजूर केला. चाचण्यांसाठी त्याने दोन दिवस जास्त मागितले होते, तेही मी दिले नाहीत. सोमवारी सकाळी काही हजार ग्राहकांना दोन-दोन बिलं गेली.

असं काही झालं की आमच्याकडे चूक का झाली याचा अहवाल लिहितात. तो मी लिहिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कोणत्या ओळीत चूक होती, ती कोणी आणि कधी लिहिली, सगळं अचूक. फक्त ती कोणी मंजूर केली आणि दोन दिवस कोणी नाकारले, हे त्यात नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीने माणसं कमी केली. यादीत त्याचं नाव होतं. निघताना त्याने माझे आभार मानले, सर, खूप शिकायला मिळालं म्हणून.

मी स्वतःला सांगत होतो की यादी वरून आली, अहवालाचा संबंध नसेलही. नसेलही. पण नोव्हेंबरभर मला रात्री झोप लागत नव्हती, आणि त्या सकाळी अंकलच्या हॉलमधून मी घाईघाईने निघालो ते यामुळे.

वही पाहून वर आलो आणि लॅपटॉप उघडून कृष्णाबद्दल वाचत बसलो. मग एक गंमत कळली. जितेंद्र-श्रीदेवीचा ‘हिम्मतवाला’, १९८३ चा, हा पद्मालयाचाच. कृष्णाच्याच ‘ऊरुकि मोनगाडु’चा रिमेक. माझ्या पप्पांचा हा लाडका सिनेमा. म्हणजे अंकल वहीत ज्याचा हिशेब ठेवत होते तो माणूस, नाव न सांगता, देगलूरच्या आमच्या घरात केव्हाच येऊन गेला होता. मग १९८६ मध्ये ‘सिंहासनम’, तेलुगूतला पहिला ७० एमएम, दिग्दर्शनही स्वतः कृष्णाचं. हिंदीत त्याचाच ‘सिंघासन’, जितेंद्रला घेऊन. प्रत्येक वेळी नवं तंत्र, प्रत्येक वेळी घरचा पैसा. आम्ही आयटीवाले रिस्क हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. त्यासाठी एक्सेलची शीट असते, रंग असतात, लाल, पिवळा, हिरवा. त्या शीटमध्ये शेवटचा रकाना असतो: जबाबदार व्यक्ती. तो मी नेहमी दुसऱ्याच्या नावाने भरत आलो होतो.

डिसेंबरमध्ये मी मॅनेजरला मेल लिहिला. काय वगळलं होतं ते लिहिलं. त्यांनी एक ओळीचं उत्तर पाठवलं, की प्रकरण बंद झालेलं आहे. पुढच्या आढाव्यात माझं रेटिंग एका पायरीने घसरलं. त्या मुलाला यातलं काही परत मिळालं नाही. हे मी स्वतःला वारंवार बजावतो, कारण मेल पाठवल्यावर मला फार हलकं वाटलं होतं आणि त्या हलकेपणाचा मला संशय येतो.

त्याला फोन करायला मला जानेवारी उजाडला. मी सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “सर, मला अंदाज होता.” दोन मुलाखती झाल्या होत्या, काही ठरलं नव्हतं. मी माझ्या ओळखीत त्याचं नाव पाठवलं आणि बरोबर लिहिलं की मागच्या ठिकाणी जी चूक झाली ती मंजूर मी केली होती. मार्चमध्ये त्याला नोकरी लागली, पण माझ्या ओळखीतून नाही. त्याने स्वतः मिळवली.

३१ मे २०२३ ला, कृष्णाच्या जन्मदिवशी, ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ नव्याने साफसूफ होऊन थिएटरात आला. अंकलनी दोन तिकिटं काढली. आंटी म्हणाल्या, तुम्हीच जा, मी तेव्हा चार वेळा पाहिलाय. थिएटरात पांढऱ्या केसांचे लोक शिट्ट्या वाजवत होते, कागदाचे कपटे उडवत होते. संवाद मला अर्धेही कळले नाहीत. पडद्यावर एक देखणा, जरा अवघडलेला तरुण टोपी सावरत घोड्यावर बसला होता, आणि तो या वाळवंटातला वाटत नाही हे मलाही दिसत होतं. तो मात्र ठामपणे बसला होता.

बाहेर आलो तेव्हा अंकल पार्किंगच्या कठड्याशी थांबले. खाली तीन मजले गाड्याच गाड्या. एकही सायकल नाही. ते जिभेवर आकडे घोळवत होते.

“किती, अंकल?”

“मोजतोय,” ते म्हणाले. “थांब जरा, बाबू.”