टू इन्टू थ्री

टू इन्टू थ्री म्हणजे किती? सहा. हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आता हेच अमेरिकेतल्या फर्स्ट इयरच्या वर्गात म्हणून बघा. तिथल्या पोरांना 'टू इन्टू सिक्स' म्हणजे सहाला दोनाने भागायचं, उत्तर तीन. म्हणजे तुम्ही फळ्यावर गुणाकार करताय आणि तोंडाने भागाकार चाललाय!

हे आठवायचं कारण म्हणजे माझा मामेभाऊ. एमएसला निघालाय आणि टीएशिप मिळाली आहे. ट्यूशन माफ, वर दरमहा थोडे पैसे, म्हणजे मामाचं लोन बरंच हलकं. गडी सध्या आरशासमोर 'वॉटर'चं 'वॉडर' करतोय. करू दे बापडा. पण मी स्वतः दोन सेमिस्टर कॅल्क्युलसची रेसिटेशन घेतली आहेत (प्रोफेसरचं लेक्चर मोठ्या हॉलमध्ये, मग पंचवीस-तीस जणांना गणितं सोडवून दाखवायला टीए). वर्गात गाडं अडतं ते भलत्याच ठिकाणी.

'अपॉन' म्हटलं की चेहरे कोरे, तिथे 'ओव्हर' म्हणतात. झेड नाही, झी. नुसतं 'ब्रॅकेट' म्हटलं तर चौकोनी कंस. गोल कंस म्हणजे पॅरेन्थेसिस. आणि 'एनी डाउट्स?' हे तर नकोच, त्यांना वाटतं आपल्यावर अविश्वास कोणाचा आहे ते विचारतोय. ही यादी दहा मिनिटांत पाठ होते, पण आरशात सापडत नाही.

मग वर्गाची रीत. तुम्हाला सरळ नावाने हाक मारतात, समोर बसून बेगल खातात, आणि पेपर मिळाला की 'माझे दोन पॉइंट का कापले?' म्हणून येतात. आपल्याला हा उद्धटपणा वाटतो. पण तिथे 'सिलॅबस' म्हणजे नुसती धड्यांची यादी नसते, कशाला किती गुण, उशीर झाला तर काय, हे सगळं त्यात लेखी असतं. पोरगा त्यावर बोट ठेवून बोलतो. नोटीस बोर्डावर नावानिशी मार्क लावायची आपली पद्धत तर तिथे चालतच नाही, १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदाच आहे.

आता ॲक्सेंट. १९९२ साली जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग छापला. ओहायोतल्या एका अमेरिकन बाईंच्या आवाजातलं टेप केलेलं लेक्चर विद्यार्थ्यांना ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच! तरी आशियाई चेहरा बघणाऱ्यांना परदेशी ॲक्सेंट 'ऐकू' आला, आणि लेक्चर समजलंही कमी. आता यावर आरशासमोर कितीही 'वॉडर' म्हणा. पेनसिल्व्हेनियाने १९९० मध्ये शिकवणाऱ्यांच्या इंग्रजीसाठी कायदा केला, ऐकणाऱ्याच्या कानांसाठी मात्र कुणी काही केलं नाही.

पण म्हणून 'सगळे रेसिस्ट' म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. त्या पोराने कर्ज काढून फी भरलेली असते, कॅल्क्युलस गेलं तर त्याचं इंजिनिअरिंगच अडतं. त्याला समजलं पाहिजे, हे टीएचंच काम.

माझा रूममेट नागपूरचा, फिजिक्स लॅबचा टीए. तो चौथ्या आठवड्यात कोऱ्या चिठ्ठ्या वाटायचा, बिननावी: काय समजत नाही ते लिहा. पहिल्या वेळी घाबरतच उघडल्या. उच्चाराबद्दल दोन-तीन निघाल्या. बाकी बहुतेकांचं एकच म्हणणं: फळा पुसायच्या आधी जरा थांब, आणि समोरून बाजूला हो.