जुन्या मोटारीच्या शोधांत: कुर्ला ते खंडाळा

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेस बाहेर पडून कालिन्याच्या दिशेनें चालूं लागलें कीं जो रस्ता लागतो, त्यास सी. एस. टी. रोड म्हणतात. बोरीबंदरच्या स्थानकाशीं या तीन अक्षरांचा कांहीं संबंध नाहीं. ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ नांवाचा एक लोहमार्ग १९२८ सालीं या भागांत सुरू झाला व १९३४ सालीं बंद पडला; रूळ गेले, नांव मागें राहिलें. आज या रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. थकलेल्या मोटारीस पुन्हां तरुण करून दाखविण्याचें सर्व साहित्य येथें मिळतें, हें जुनी मोटार घेऊं इच्छिणारानें अगोदर पाहून ठेवावें.

थोडक्याच अंतरावर मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशीं हीच नदी कुर्ल्याच्या वस्तींत शिरली. पाण्यांत बुडालेली मोटार धुवून, वाळवून, नव्या बैठका घालून पुन्हां विकावयास येते, आणि ती पुष्कळदां दूरच्या, कोरड्या गांवीं जाते. पाटीवरील एमएच १० पाहिलें कीं गाडीची पहिली नोंद सांगलीची, एवढें कळतें. पण २०१९ च्या महापुरांत ती कोठें उभी होती हें पाटी सांगत नाहीं. तें गाडीच्या अंगावरच वाचावें लागतें.

आमचें कुटुंब एकत्र. वडिलांस ब्याऐंशीवें वर्ष लागलेलें, गुडघे दुखरे. उंच गाडींत त्यांस चढवत नाहीं. म्हणून बुटकी, मागें डिकी असलेली ‘सेडान’ पाहावयाची होती. बंधूंनीं आणि मीं मिळून सांठविलेल्या रकमेंत नवी गाडी बसत नव्हती, आणि ही रक्कम चुकीच्या गाडींत गेली तर दुसरी उभी करण्यास आणखी तीन वर्षें लागलीं असतीं. म्हणून पुण्याहून आमचे नेहमींचे मिस्त्री व पुतण्या यांस बरोबर घेतलें होतें.

कुर्ल्यांतील एका विक्रेत्याकडची पहिली गाडी इतकी चकचकीत, कीं पुतण्या म्हणाला, “काका, हीच घेऊं या.” मिस्त्रींनीं बॉनेटवर हात ठेवला, तें ऊन लागलें. आम्ही येण्यापूर्वींच इंजिन तापवून ठेवलेलें! थंड इंजिन सुरू होतांना जी खडखड ऐकूं येते, जो धूर दिसतो, तो तापलेल्या इंजिनांत लपतो. नंतर त्यांनीं मागच्या बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. टोंकाशीं एक तपकिरी रेघ होती. डिकींतील स्टेपनी उचलली, तों खळग्याच्या कोपऱ्यांत बारीक गाळ. “नाना, हिनें पूर पाहिला आहे,” एवढेंच ते बोलले. असें पाणी तारांच्या जोडांत आणि विजेच्या यंत्रणेंत शिरलें, कीं त्याचा गंज पुढें कित्येक महिन्यांनीं वर येतो, तोही बहुधा भर रस्त्यांत. तेथून आम्ही चहाहि न घेतां निघालों.

दुसरी गाडी खोपोलीस होती. मालक सेवानिवृत्त गृहस्थ. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नये, असें त्यांस दूरध्वनीवरून सांगितलें होतें, आणि त्यांनीं तें पाळलें. किल्ली फिरवितांच धोक्याचे दिवे लागले व इंजिन सुरू होतांच मालवले. असा दिवा मुळींच लागला नाहीं, तर तो कोणी मुद्दाम काढून ठेवला असावा असें समजावें. धुराकडेहि मिस्त्रींची नजर होती. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खात आहे. काळा म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं. पांढरा धूर गारव्यांत क्षणभर आला तर ती वाफ, पण इंजिन तापल्यावरहि थांबेना, तर थंडाव्याचें पाणी आंत गळत असण्याचा संभव मोठा. येथें यांपैकीं कांहींच दिसलें नाहीं. तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूसहि दुधाळ साय नव्हती. डाव्या दरवाजावर मात्र लोहचुंबक नीट चिकटेना. म्हणजे रंगाखालीं लांबी. “फाटकाला घासली होती,” मालक आपण होऊनच म्हणाले. मला त्यांची खरी परीक्षा येथें झाली असें वाटलें.

मग घाट. खोपोलीहून जुन्या रस्त्यानें वर निघालें कीं शिंग्रोबाचें देऊळ लागतें. इंग्रजांस घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचें तें स्मारक, अशी कथा सांगतात. पुतण्यानें तेथें नाणें वाहिलें. सपाट रस्त्यावर न कळणारे दोष बोरघाट सांगतो. तापमानाचा कांटा मध्यावर स्थिर राहिला. पण चढावर पाय दाबतांच इंजिनाचा आवाज वाढे आणि वेग मात्र तितका वाढेना. क्लच प्लेट झिजलेली होती. खंडाळ्याहून उतरतांना ब्रेक लावले. गाडी कोणत्याहि बाजूस ओढली नाहीं. तळाशीं सुकाणूं पुरतें वळवून हळूं फिरविली. पुढच्या चाकांतून कटकट आली नाहीं.

मीं मिस्त्रींकडे पाहिलें. “क्लच बदलतां येतो, नाना, पाणी काढतां येत नाहीं,” ते म्हणाले. क्लचचा खर्च किंमतींतून वजा करण्यास मालक थोड्या घासाघाशीनंतर राजी झाले. नोंदणीपुस्तकांतील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं ताडून पाहिला, बँकेचा बोजा नाहीं याची खात्री केली, आणि २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. वडिलांस घरीं फोन केला. त्यांनीं इंजिनाविषयीं कांहींच विचारलें नाहीं. “मागचा दरवाजा पुरता उघडतो ना?” एवढेंच म्हणाले.